हिरोशिमाची गाडी, दारव्ह्याची भिंत

काकाजींनी फोन कानाला लावला आणि डोळे मिटले. पलीकडे कोणी बोलत नव्हतं. मँचेस्टरहून निघायच्या आदल्या दिवशी मी माझ्या गाडीचं एंजिन सुरू करून चाळीस सेकंदांचा आवाज टिपून आणला होता, तो ते ऐकत होते. एकदा ऐकला, दुसऱ्यांदा ऐकला. तिसऱ्यांदा ऐकताना त्यांनी काकूंना हातानंच थांबवलं. काकू ओसरीवर बसून वेचणीवाल्या बायांचा किलोंचा हिशेब मोठ्यानं वाचत होत्या.

"टॅपेट वाजून राहिले," काकाजी म्हणाले. "पहिले दोन-तीन मिनिटं वाजत असतीन, मंग बंद."

"हो, अगदी तसंच."

"तेल वर चढायले वेळ लागते. गाडी उभी राहते फार." मग डोळे उघडून त्यांनी फोन माझ्या हातात दिला. "कायले घेतली?"

पुढचे चार दिवस हा प्रश्न दारव्ह्याच्या त्या ओसरीवरून हलला नाही. कधी चहाबरोबर निघाला, कधी शेतातून परत येताना, कधी मच्छरदाणी बांधता बांधता.

काकाजी एसटीच्या आगारात मेकॅनिक होते. सुटीच्या दिवशी आमच्या अंगणात कोणाचा ना कोणाचा ट्रॅक्टर उघडलेला असायचा. टॅपेट लावताना ते फिलर गेजची पातळ पट्टी फटीत सरकवायचे. पट्टी थोडी अडखळत, चिकटत गेली की जमलं. मोकळी गेली तर आवाज करणार, अडकली तर व्हॉल्व्ह जळणार. मी बॅटरी धरायची. आठ वर्षांची असताना बॅटरी, बारा वर्षांची असताना बॅटरी, दहावीच्या सुटीतही बॅटरीच. पाना मात्र माझ्या धाकट्या भावाच्या हातात दिला जायचा आणि त्याला त्याचा मनापासून कंटाळा होता. 'कायले घेतली' याचं निम्मं उत्तर त्या बॅटरीत होतं. तेवढंच मला काकाजींसमोर उच्चारता येत नव्हतं, म्हणून मी बाकीची सगळी उत्तरं देत बसले.

पहिल्या संध्याकाळी गाडीची ओळख करून द्यावी म्हणून मी म्हटलं, "माझदा आहे."

त्यांचा चेहरा फुलला. "आपली स्वराज माझदा?"

आमच्याकडे माझदा म्हटलं की हेच. १९८० च्या दशकात जपानी कंपन्यांशी हातमिळवणी करून हलके ट्रक काढणाऱ्या चार कंपन्या भारतात उभ्या राहिल्या: पंजाबची स्वराज माझदा, पिथमपूरची आयशर मित्सुबिशी, जहिराबादची ऑलविन निसान आणि दिल्लीच्या बाजूची डीसीएम टोयोटा. शहरातल्या लोकांना जपानी गाडी म्हणजे मारुती आठवते. कापसाच्या गावांना हे ट्रक आठवतात. एकाधिकार खरेदीच्या दिवसांत संकलन केंद्रावर बैलगाड्यांची रांग लागायची, त्यात मधूनच एखादी माझदा कापसानं फुगलेली उभी. आमचाही कापूस दोन-तीन हंगाम अशाच एका भाड्याच्या माझदानं गेला, आणि बाबांनी मला तिच्यात ड्रायव्हरशेजारी बसवलं होतं.

"ते माझदा मले माहीत आहे," काकाजी म्हणाले. "ओझं वाहणारी गाडी. तुझी किती वाहते?"

"माझ्या गाडीत दोन माणसं बसतात."

"अन् मागं?"

"मागं काही नाही. टप उघडला की आभाळ."

काकू हसल्या. काकाजी हसले नाहीत.

मी त्यांना सांगत गेले. ही गाडी १९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या प्रदर्शनात पहिल्यांदा लोकांसमोर आली. अमेरिकेत तिचं नाव मियाटा, ब्रिटनमध्ये एमएक्स-५ आणि जपानमध्ये युनोस रोडस्टर. दोन माणसांच्या हलक्या, उघड्या गाड्या ही मुळात ब्रिटिशांची आवड. ऐंशीच्या दशकापर्यंत तो प्रकार जवळजवळ संपला होता. माझदाच्या लोकांनी तो उचलला आणि रोज सकाळी पहिल्या चावीला सुरू होईल अशी गाडी केली. वजन साडेनऊशे किलोंच्या आसपास. एंजिन १.६ लिटरचं, माझदाच्या साध्या घरगुती गाडीच्या वंशातलं. मुख्य अभियंते तोशिहिको हिराई. घोडा आणि स्वार एकजीव असावेत असा एक जपानी शब्द आहे, जिनबा इत्ताई. तो या गाडीचा मंत्र. पुढे २००० साली ५,३१,८९० गाड्या झाल्या तेव्हा जगात सर्वांत जास्त खपलेली दोन माणसांची स्पोर्ट्स कार म्हणून गिनीज बुकात तिची नोंद झाली, आणि २०१६ मध्ये दहा लाखावी गाडी बाहेर पडली.

यातलं त्यांना एकच विचारावंसं वाटलं. "एंजिन पुढं अन् जोर मागच्या चाकाले? मंग गिअरबॉक्स अन् डिफरन्शियल आपापले हलत असतीन."

"नाही. दोन्हींना जोडणारी ॲल्युमिनियमची एक लांब तुळई आहे खालून. त्यामुळं पॅडल दाबलं की मधे ढिलेपणा नाही, पाठीत लगेच कळतं."

ते बराच वेळ गप्प राहिले. मग बोटानं जमिनीवर तुळई काढली, तिच्या दोन्ही टोकांना गोल काढले. "हे चांगलं केलं त्यायनं," एवढंच म्हणाले. माझ्या गाडीच्या वाट्याला दारव्ह्यात आलेलं ते पहिलं चांगलं वाक्य.

दुसऱ्या दिवशी हिशेब निघाला.

"किती पडली?"

"तीन हजार दोनशे पौंड. साडेतीन लाख रुपये."

२०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. काकाजींना कागद लागला नाही. "साडेसेहेचाळीस क्विंटल. कोरडवाहू एकरी पाच धरलं तं नऊ एकराचं पीक. फवारा, मजुरी काही न कापता." आकडा त्यांनी रागानं सांगितला नाही, आणि म्हणून तो जास्त लागला. आदल्याच दिवशी मी त्यांच्याबरोबर वेचणी बघून आले होते. ऑक्टोबरच्या पावसानं बोंडं काळवंडली होती आणि बाया भिजून वाळलेला कापूस वेगळ्या ओट्यात घेत होत्या.

"काकाजी, तिथं हा माझ्या दीड महिन्याचा पगार. तिथल्या हिशेबानं ही स्वस्त गाडी आहे."

"तिथल्या हिशेबानं तू तिथंच राहा. मी तं अठीचा माणूस आहे, मले अठीच्या हिशेबानंच दिसते." मग थोडं थांबून, "पैशाचं नाही म्हणत मी. तुझा पैसा, तू कमावला. मी म्हणतो जुनी वस्तू पोसायची तं तिनं आपल्यासाठी राबलेलं पाहिजे. म्हातारा बैल दावणीले ठेवतो आपण. पोळ्याले त्यालेही झूल घालतो. काऊन? त्यानं बारा वर्षं औत ओढलं म्हणून. ही गाडी तुझ्यासाठी कधी राबली? दुसऱ्याचा म्हातारा बैल तू साडेतीन लाख देऊन दावणीले बांधला."

या बोलण्याला लगेच उत्तर सुचलं नाही. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर वाटलं, ती गाडी विकत घेताना मी खरं तर एका वहीला भुलले होते, हे त्यांना सांगायलाच हवं.

सकाळी चुलीपाशी बसून सांगितलं. मँचेस्टरला मी नर्स म्हणून गेले तेव्हा पहिली तीन वर्षं भाड्याच्या खोलीत काढली. भिंतीत खिळा ठोकायचा तरी घरमालकाला विचारायचं. व्हिसावर शेवटची तारीख, भाड्याच्या करारावर शेवटची तारीख. वॉर्डात रात्रभर दुसऱ्यांची काळजी घ्यायची आणि सकाळी ज्या खोलीत यायचं तिथं माझ्या हवाली केलेलं असं काहीच नाही, एक कुंडीसुद्धा नाही. अशा दिवसांत ही गाडी बघायला गेले. विकणारे एक वृद्ध गृहस्थ होते, निवृत्त शिक्षक. त्यांनी किल्लीच्या आधी एक निळी वही हातात ठेवली. एकोणीस वर्षांच्या नोंदी. तेल कधी बदललं, किती मैलांवर, टायमिंग बेल्ट कधी, कुठल्या चाकाचं बेअरिंग कधी. शेवटच्या पानावर स्वतःसाठी लिहिलेली एक सूचना होती: पानगळीनंतर पाणी जायची भोकं साफ करायची. आणि त्या पानानंतर दोन वर्षं कोरी. ते आजारी होते.

"मंग?"

"मग गाडी घेतली."

"वही पाहून?"

"वही पाहून."

काकाजींनी मान डोलावली. आगारातही प्रत्येक गाडीची नोंदवही असायची, हे मला ठाऊक होतं. एसटीत दुसऱ्याच्या पाळीत काय काम झालं हे त्या नोंदींवरूनच कळायचं, आणि नोंदी न ठेवणाऱ्या मेकॅनिकबद्दल ते आजही कडवटपणे बोलतात.

"काकाजी, तो बैल दुसऱ्यासाठी राबला हे खरं. पण त्याला एकोणीस वर्षं ज्यानं सांभाळलं त्याचे हात थकले होते. तो कोणाच्या तरी हवाली करत होता."

"हवाली." त्यांनी शब्द तोंडात फिरवला. "अन् तुले हवाली घ्यायले तेच सापडलं?"

त्या वेळी मला या बोलण्यातला रोख कळला नाही.

माझी गाडी मुळातली जपानची, हे त्यांना कळल्यावर आणखी एक विषय निघाला. १९९१ साली हिरोशिमाच्या कारखान्यात तयार झाली, दहा-बारा वर्षं जपानमध्ये चालली आणि मग जुनी गाडी म्हणून जहाजानं ब्रिटनला आली. अशा हजारो आल्या. दोन्ही देशांत स्टिअरिंग उजवीकडे, म्हणून काही बदलावं लागत नाही. सावलीच्या झडपेवर अजून जपानी अक्षरांतली सूचना आहे. मूळचा रेडिओ तर मी काढूच दिलेला नाही. जपानमधली एफएम केंद्रं तेव्हा ७६ ते ९० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात, ब्रिटनची बहुतेक त्याच्या वर. त्यामुळं त्या रेडिओला तिथल्या देशातलं फारसं काही ऐकूच येत नाही, एखाददुसरं स्टेशन लागतं तेवढंच. पहिल्यांदा हे कळलं तेव्हा मी गाडीत बसून खूप वेळ ते बटण फिरवत राहिले होते. परक्या देशात येऊन पडलेलं ते यंत्र अजून आपल्या गावचीच केंद्रं शोधत होतं.

"आपल्याइकडे आणता येईन?" काकाजींनी विचारलं. या प्रश्नात विरोध नव्हता.

"नाही. बाहेरून जुनी गाडी आणायची तर तयार झाल्यापासून तीन वर्षांच्या आतली पाहिजे. वर कर."

"पस्तीस वर्षांची नाहीच चालणार म्हणजे."

"आता नवीन सवलत निघालीय, पन्नास वर्षांवरच्या गाड्या आणू देतात. माझी २०४१ मध्ये पन्नाशीची होईल."

त्यांनी मनातल्या मनात आकडा लावला. आज ते बहात्तर वर्षांचे आहेत. काकूंनीही लावला असावा, कारण त्या उठून आत गेल्या.

"म्हणजे ती गाडी तुले अठी येऊ देणार नाही," काकाजी म्हणाले. "तू म्हणशीन गाडीनं काय होते. होते. माणूस घर सोडून येते, नोकरी सोडून येते. पण ज्याची रोज देखभाल केली ते सोडून येत नाही. मी रिटायर झालो तवा आगार सोडवलं नाही, तीन महिने रोज जाऊन बसत होतो. गाडी जशी जशी जुनी होईन तशी तशी तू तिथली होशीन."

मला इथं थांबून सांगायचं आहे की हे म्हणणं मला खोटं वाटत नाही. परदेशात राहणाऱ्या माझ्या ओळखीच्या मराठी माणसांपैकी ज्यांनी तिथं बाग केली, जुनं घर दुरुस्त केलं, त्यांच्या परतीच्या गोष्टी हळूहळू कमी होत गेल्या. पैसा, शाळा, पेन्शन ही कारणं लोक सांगतात. हाताला जडलेल्या वस्तूंचं कारण कोणी सांगत नाही, आणि ते फार खोल असतं.

"तुमची आरएक्स होती ना," मी म्हटलं. "ती का विकली?"

त्यांची यामाहा आरएक्स १०० होती, माझ्या गाडीच्याच वयाची, १९९१ ची. ९८ सीसी, टू-स्ट्रोक, अकरा अश्वशक्ती. भारतात ती १९८५ ते १९९६ एवढीच वर्षं निघाली आणि आज तिच्यासाठी पोरं नव्या गाडीचे पैसे मोजतात. जपानी एंजिनाचा वेग दारव्ह्यात पहिल्यांदा कोणी पायाखाली अनुभवला असेल तर तो या गाड्यांवर. ती फटफट वळणावरून ऐकू आली की आजी म्हणायची, आला.

"पंधरा वर्षं झाली, पुन्हा पासिंग करा म्हणे. काम झालं होतं. विकली. जे झालं ते सोडायचं."

"नंबर आठवतो?"

एमएच २९ पासून शेवटच्या आकड्यापर्यंत नंबर त्यांनी न अडखळता सांगितला. मी काही बोलले नाही. तेही बोलले नाहीत.

तिसऱ्या दिवशी आम्ही मोतीबागेकडून येत होतो. दारव्हा मोतीबाग हे शकुंतला या छोट्या रेल्वेचं स्टेशन. यवतमाळ ते मूर्तिजापूर, ११३ किलोमीटर, अडीच फूट रुंदीचा रूळ. विसाव्या शतकाच्या आरंभी किलिक-निक्सन या ब्रिटिश कंपनीनं हा मार्ग कापसासाठी आणला: वऱ्हाडातला कापूस मूर्तिजापूरला, तिथून मोठ्या रेल्वेनं मुंबईला, आणि मुंबईहून जहाजानं विलायतेतल्या गिरण्यांना. स्वातंत्र्यानंतर देशातल्या रेल्वे सरकारच्या झाल्या तरी हा रूळ खासगी कंपनीच्या मालकीचाच राहिला; भारतीय रेल्वे त्यावर गाडी चालवायची आणि कंपनीला मोबदला द्यायची. आता गाडी बंद आहे. रुळांत बाभळी उगवल्या आहेत.

"तुले ठाऊक आहे, तिचं एंजिन तुझ्या गावचं होतं," काकाजी म्हणाले.

ठाऊक होतं. १९२१ साली मँचेस्टरला बांधलेलं वाफेचं एंजिन, १९२३ पासून या मार्गावर धावू लागलं आणि १५ एप्रिल १९९४ रोजी त्याच्या जागी डिझेल आलं. सत्तर वर्षं. लहानपणी मी ते एंजिन दारव्ह्याला पाणी पिताना पाहिलेलं आहे. मँचेस्टरला नोकरी लागली तेव्हा सगळ्यात आधी मला ते आठवलं होतं. तिथं उतरल्यावर वाटलं, आमच्या कापसाचा पैसा या लाल विटांत कुठं तरी आहे, आणि त्यांचं लोखंड आमच्या बाभळीत.

"बघा ना काकाजी," मी उत्साहानं म्हटलं. "मँचेस्टरचं यंत्र इथं येऊन सत्तर वर्षं जगलं. माझं हिरोशिमाचं यंत्र मँचेस्टरला जगतंय. आपल्या जन्मगावाबाहेर वस्तूला दुसरं आयुष्य मिळतं."

ते थांबले. गाडीरस्त्याच्या कडेला, उन्हात.

"एंजिनाचं ठीक आहे. रुळाचं पाय. मालक लांब होता. मोबदला घेणारा एकीकडे, गाडी हाकणारा दुसरीकडे, अन् स्लीपर सडला तं बदलायचा कोणी, हे ठरेना. ज्याची मालकी लांब, त्या वस्तूचं काय होते हे पूर्ण दारव्ह्यानं पाहिलं." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "दादाच्या घराच्या मागच्या भिंतीले ओल आली. तुले माहीत आहे?"

बाबा गेल्यावर आई पुण्याला भावाकडे राहते. आमचं घर पलीकडच्या गल्लीत, दोन वर्षं कुलूपबंद. किल्ली काकाजींकडे.

"गच्चीवरच्या पन्हाळीत निंबाचा पाला गच्च बसला. पाऊस आला की पाणी गच्चीवर तुंबते, स्लॅबमधून झिरपते, भिंतीत उतरते. मी चढत होतो पहिले. आता गुडघा चढू देत नाही. तुले फोनवर सांगितलं दोनदा. तू म्हणाली माणूस लावा, पैसे पाठवते. पैसे आले. माणूस आला नाही." त्यांचा आवाज चढला नाही. "तिथं तू गाडीच्या भोकातला पाला काढते. अठी तू आपल्या घराची किलिक-निक्सन झाली."

घरी येईपर्यंत कोणी बोललं नाही.

त्या रात्री मला झोप लागली नाही. गाडी घेतल्यावरचा पहिला डिसेंबर आठवत राहिला. एमओटी म्हणजे तिथली वार्षिक तपासणी. तपासणाऱ्यानं मागच्या चाकाच्या पुढे, दाराखालच्या पत्र्यावर पेचकस टेकवला आणि तो आत गेला, वाळल्या पापडात जावा तसा. या गाडीच्या कापडी टपावर पडलेलं पाणी सीटमागच्या दोन भोकांतून नळीनं खाली उतरतं. भोकात पानं अडकली की पाणी दाराखालच्या पोकळ पत्र्यात जाऊन बसतं. बाहेरून रंग चकचकीत, आतून सडत असतो. वरून तिथं हिवाळ्यात बर्फ वितळायला रस्त्यावर मीठ टाकतात. त्या वृद्ध शिक्षकांची दोन कोरी वर्षं म्हणजे हाच गंज होता. हातभर पत्रा कापून नवा वेल्ड करावा लागला. तेव्हापासून दर महिन्याला, पाऊस असो की थंडी, मी गुडघ्यांवर बसून त्या भोकांत लवचिक तार घालते. कुजलेल्या पानांचा काळा गोळा बाहेर येतो, मग बाटलीनं पाणी ओतायचं आणि गाडीखालून ते पडताना ऐकायचं. दोन्ही बाजूंनी पडलं की उठायचं.

काकाजींचं म्हणणं माझ्या गाडीविरुद्ध नव्हतंच. एवढं मला उशिरा कळलं. पण त्या उपमेत एक गोष्ट चुकत होती आणि ती सांगितल्याशिवाय मला परत जाता येणार नव्हतं.

चौथ्या दिवशी सकाळी ते अंगणात दात घासत होते. मी म्हटलं, "एंजिन मँचेस्टरचं होतं हे खरं, काकाजी, पण ते सत्तर वर्षं मालकामुळं नाही चाललं. इथल्या फिटरांमुळं चाललं. त्यांच्या हातात पाना होता. मला तुम्ही बॅटरी दिली. पाना कधी दिला नाही."

ते चूळ भरायचे थांबले.

"घराचं काम म्हटलं की मला माणूस लावावा असंच सुचलं, कारण हे काम माझ्या हातचं आहे असं मला या घरात कोणी कधी कळूच दिलं नाही. ते मला त्या गाडीनं शिकवलं. बत्तीस वर्षांची झाले तेव्हा पहिल्यांदा माझी नखं काळी झाली. तुम्ही विचारता कायले घेतली. यासाठी घेतली."

काकाजी आत गेले. बराच वेळ आले नाहीत. लोखंडी पेटी उघडल्याचा, त्यात काही तरी उपसल्याचा आवाज येत राहिला. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात वेटोळं केलेली एक तार होती, ग्रीसनं काळी पडलेली, एका टोकाला शिशाचा बारका गोळा.

"क्लचची वायर आहे. आरएक्सची. वाकते पण तुटत नाही." ती त्यांनी माझ्या हातात दिली. "चाल. शिडी तिकडच आहे."

आमच्या गच्चीवर गुडघ्याएवढं पिंपळाचं रोप उगवलेलं होतं. ते आधी मुळासकट काढलं. कोपऱ्यात पाल्याचा थर दाबून दाबून चामड्यासारखा झाला होता. वरचा वाळका, खालचा ओला. हातानंच उचकटला. खाली पन्हाळीचं तोंड दिसलं, मातीनं बुजलेलं. मी पोटावर पडून तार आत सोडली. वीतभर गेली आणि अडली.

"ढकलू नको," खालून काकाजींचा आवाज आला. ते पाइपाच्या खालच्या तोंडाशी उभे होते. "फिरव. फिरवत फिरवत जाऊ दे. शिशाचा गोळा खाली ठेव."

फिरवली. तार अडखळत, चिकटत सरकली. मग एकदम हलकी झाली आणि हातभर आत गेली. मी बादलीतलं पाणी ओतलं. वर काही कळेना, म्हणून काठावरून वाकून पाहिलं. पाइपातून आधी काळा चिखल आला, मग पाला, मग गढूळ पाणी, आणि काकाजींनी वाकून आपला हात त्या धारेखाली धरला. पाणी निवळेपर्यंत धरून राहिले.

"बादली आणखी एक," ते म्हणाले.

दुसरी ओतली. भिंतीवरचे पोपडे खालून वरपर्यंत बघत ते मागे सरकले, आणि मान वर करून, हातानं डोळ्यांवर सावली करून मला म्हणाले, "पश्चिमेच्या कोपऱ्यात बी एक आहे."